नखाएवढा पडदा

लोटन सर विज्ञानाचे निवृत्त मास्तर. लेकीला, रुचिकाला पेटंट मिळालं तेव्हापासून कळसाडीत भेटेल त्याला ते स्वतःच्या छातीवर हात ठेवून सांगायचे, "पोर मन्हावर गयी शे."

पेटंट होतं चष्म्यात बसणाऱ्या नखाएवढ्या पडद्यासाठी. केसाहून कितीतरी पातळ थर एका चकतीवर वाढवायचा आणि अख्खाच्या अख्खा उचलून काचेवर ठेवायचा. रॉयल्टीचा करार अगदी सहीवर आला, तेवढ्यात परदेशी कंपनीचे इंजिनियर लॅपटॉपवरच्या व्हिडिओ कॉलवर अडून बसले. "थर फाटतोय. तुमची पद्धत कागदावरच चालते."

सुट्टीत घरी आलेली रुचिका वाद घालत बसली नाही. लॅपटॉप घेऊन ती थेट गच्चीवर गेली, मागोमाग सर. तिथे तिच्या आईनं, निर्मलाबाईंनी, सकाळी ओल्या धोतरावर घातलेले ज्वारीचे पापडासारखे पातळ बिबडे कडक वाळले होते.

"माय, यास्ले दखाड." तिनं लॅपटॉपचा कॅमेरा धोतराकडे वळवला.

निर्मलाबाईंनी धोतर पालथं केलं, पाठीमागून पाण्याचा हात फिरवला आणि पाणी मुरेपर्यंत निवांत बसून राहिल्या. मग बोटानं नुसती कड उचलली. कागदासारखा बिबडा अख्खा हातात आला.

"ओढानं नही," त्या लॅपटॉपला म्हणाल्या, "मांगतीन वलं करानं. आपोआप सुटस."

"पेटंटच्या चौथ्या पानावर मी हेच लिहिलंय," रुचिकानं इंग्रजीत सांगितलं.

आठवड्याभरात करार झाला. शहाद्याच्या एसटी स्टँडवर एकानं सरांचा हात धरला, "सर, पोर तुमनावर गयी!"

सर नेहमीपेक्षा जास्तच ऐटीत म्हणाले, "नही रे भाऊ. मायवर गयी शे."