आकारामचा दहावा

उन्हं डोक्यावर आली तरी कावळा पिंडाला शिवेना.

कृष्णेच्या घाटावर सगळी भावकी खोळंबली होती. आकाराम तेलाच्या बोटीवर खलाशी होता. एकाहत्तरच्या लढाईत पाणबुडीनं ती बोट बुडवली, तेल पेटलं आणि त्याचा देह काही हाती लागला नाही. शेवटी पिठाचा पुतळा करून जाळला. त्याची बायको रंगूबाई मात्र हटून बसली होती, कावळा शिवला तरच चुडा फोडीन म्हणून.

थोरला दीर लालासाहेब पलटणीतून हवालदार होऊन आलेला. त्यानं हात जोडून सांगितलं, वाटणी रंगूच्या नावावर करतो, पोरीचं लगीन मी लावतो. कावळे बाभळीवर गप्प बसून राहिले. एकही ओरडेना, आणि त्यानंच लोकांच्या अंगावर काटा येत होता.

रंगूबाईला मनातून हरखून जायला झालं होतं. जित्या माणसाच्या पिंडाला कावळा शिवेलच कशाला?

घाटाच्या कडेला हरणाबाई अवघडून बसली होती. म्हातारी डोळ्यांनी आंधळी. तिचा एकुलता एक हरिबा त्याच बोटीवर होता आणि तेवढा एकटाच वाचला होता. मुंबईच्या इस्पितळात अंगातल्या कोटावरून त्याची ओळख पटली. पार भाजलेला, वाचा गेलेली, हात कामातून गेलेले. आजउद्या त्याला गावी आणणार होते. आपलं पोर वाचलं याचीच त्या माउलीला लाज वाटत होती.

तिच्याकडं बघून रंगूबाईला भरून आलं. ती पिंडापुढं आली.

"हरणामावशीला मी सांभाळीन," ती म्हणाली. "जिवात जीव हाय तवर. तुमी काय काळजी करू नगासा."

एक कावळा सरळ खाली उतरला आणि पिंडाला शिवून गेला.

लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग कुणाला हात लावू न देता रंगूबाईनं स्वतःच दगडावर चुडा फोडला.

तेवढ्यात कऱ्हाडच्या बाजूनं जीप आली. कंपनीचा माणूस हरिबाला घेऊन उतरला. पोराचं तोंड, हात सगळं पट्ट्यांत गुंडाळलेलं होतं. बायकांनी हरणाबाईला धरून पुढं नेलं.

म्हातारीनं त्याच्या डोक्यावरून, मानेवरून, खांद्यांवरून हात फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. मग हात काढून घेतला.

"रंगू," ती हळूच म्हणाली, "हिकडं ये. ह्यो तुजा हाय."