झुमी म्हणजे आईकडे

लहानपणी दोघा भावंडांनी स्वतःची एक भाषा रचली होती, मोठ्यांना कळू नये म्हणून. तिच्यात डावं-उजवं नव्हतंच, कारण तिथे धाकटीची हमखास त्रेधातिरपीट उडायची. मग दादाने सोपी युक्ती काढली. आई सदान्‌कदा शिलाई मशीनवर बसलेली असे. तेव्हा तिच्या दिशेने म्हणजे ‘झुमी’ आणि तिच्यापासून लांब म्हणजे ‘बाफू’. घरातली एकूणएक वस्तू या दोन शब्दांत सापडायची.

आई गेल्यानंतर दादाने नवं घर घेतलं. धाकटी सामान लावायला आली. लोखंडी कपाट दोन्हीकडून धरून दोघं घामाघूम झाली होती, तेवढ्यात दादाच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “जरा झुमी!”

दोघांनी जोर लावला. कपाट जागचं हलेना.

“अगं, उलटं काय ओढतेस? झुमी म्हटलं ना!”

“झुमीच ओढतेय! आई त्या खिडकीपाशी नाही का बसणार, उजेडात?”

“खिडकीत? तिथलं ऊन सोसेल का तिला? ती इथे बसेल, दाराजवळ. येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत.”

बोलता बोलता दोघांचेही हात कपाटावरून सुटले. कपाट खोलीच्या मधोमध तसंच राहिलं.

धाकटीने बाहीने तोंड पुसलं आणि कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या मशीनवरची चादर काढली.

“दादा, आधी हिची जागा ठरवू. त्याशिवाय या घरात काही सापडायचं नाही.”