प्रोसेसर शंभर टक्के

शंभूने उघड्या खिडक्या एकेक करून बंद केल्या, तरी प्रोसेसरचा आकडा शंभर टक्क्यांवरून हलेना. माउस हलवला की पडद्यावरचा बाण मागाहून, सवडीने यायचा. आतला पंखा भाताच्या गिरणीसारखा घरघरत होता. संगणक कुणी वापरत नव्हतं, तरी शंभूचे वडील, आबा, तो कधी बंद करत नसत. गेलेली वीज आली की आबा आधी तो सुरू करायचे, मग पाण्याची मोटर.

हिंजवडीत दिवसभर दुसऱ्यांचे संगणक दुरुस्त करणारा शंभू कोळवणला स्वतःच्या घरी फार दिवसांनी आला होता. तेही संगणकासाठी नव्हे. गोजराआत्याच्या छातीत गाठ निघाली होती. याच आठवड्यात ऑपरेशन करा, बरी होईल, असं डॉक्टर म्हणाले होते. आत्या ढिम्म हलायला तयार नव्हती. याच आजाराने दोन वर्षांपूर्वी शंभूची आई गेली. पहिल्या तपासणीनंतर तिनेही दवाखान्याचं तोंड पाहिलं नाही. त्रास सोसवत नाही, म्हणाली होती. आबांनी तिला उचलून न्यायला हवं होतं, ही अढी शंभूच्या मनात तेव्हापासून होती. बापाशी तो कामापुरतंच बोलायचा.

सकाळपासून त्याने आत्याची मनधरणी केली, रागावला, शेवटी पायाही पडला. "बघू की," एवढंच म्हणून ती तांदूळ पाखडत बसली. तेव्हा कुठे तो संगणकाकडे वळला. माणूस ऐकेना झालं की यंत्र बरं, ही त्याची जुनी खोड.

व्हायरस नव्हता. त्याने डिस्क साफ केली, सुरुवातीलाच आपोआप चालू होणारे प्रोग्राम काढून टाकले. मग इतकं मशीन खातंय तरी कोण, ते पाहिलं आणि तो ओशाळला. हा प्रोग्राम त्यानेच बसवला होता, आई आजारी असताना. जगभरातले रिकामे संगणक मिळून कॅन्सरवरच्या एका संशोधनासाठी आकडेमोड करायचे, त्यातलाच हा एक. आईला दवाखान्यात न्यायला तेव्हा त्याला सुट्टी मिळाली नव्हती. खरं तर त्याने ती मागितलीच नव्हती. मनाला लागलेली ती टोचणी कमी व्हावी म्हणून त्याने हा उद्योग केला आणि आईला ऐटीत सांगितलं, "हे मशीन तुझ्या गाठीवर औषध शोधतंय बघ." पुढे तो ते साफ विसरला.

त्याने प्रोग्राम काढायला घेतला.

"त्याला हात लावू नगंस!" दारातून आत्या ओरडली. हातात सूप तसंच होतं.

"आत्या, ह्यानंच तर मशीन अडकलंय."

"आडकू दे. दोन वरीस झाली शोधतंय, आता सापडंलच की औषध. मग कापाकापी कशाला करून घ्यू?"

शंभूने माउस सोडला. सकाळपासून ती जे सांगत नव्हती ते हे होतं. आता थाप सांभाळायची की आत्या, एवढंच ठरवायचं होतं. मान वर करायचीही त्याला लाज वाटत होती.

"ह्यातनं तुला औषध मिळायचं न्हाई, आत्या. हे नुसती गणितं सोडवतंय. त्यातनं औषध निघालंच तर वीस-तीस वरसं जातील. आईला बरं वाटावं म्हणून मी तसं बोललो व्हतो. तुझं औषध डॉक्टरकडंच हाय."

आत्याने सूप खाली ठेवलं.

"उद्या येते म्या दवाखान्यात," ती म्हणाली.

शंभूचा जीव भांड्यात पडला. आत्या मात्र कोपऱ्यात बसलेल्या भावाकडे बघत होती.

"गोजरे, गप ऱ्हा," आबा घाईघाईने म्हणाले. "पोराला त्यातलं काय बी सांगू नगंस."

पण तिच्या तोंडून निघून गेलंच.

"म्हंजी वैनी ह्या मशीनच्या भरवशावर उगाच थांबली व्हय, दादा?"