अखत्यारीबाहेर

पंचायतीच्या कचेरीत खडी क्रशरच्या मॅनेजरनं आधी रुमालानं खुर्चीवरची धूळ झटकली, मगच तो सरपंचबाईंसमोर बसला.

"धुळीसाठी आमचं क्रशर बंद करणार? हवा पंचायतीच्या अखत्यारीत येत नाही, बाई. कायदा वाचा."

सरपंचबाईंनी पदरात खोकत मान डोलावली. "वाचते."

सोमवारी क्रशरचे सगळे डंपर वेशीवरच अडले. रस्त्याच्या मधोमध पंचायतीतली तीच खुर्ची टाकून सरपंचबाई बसल्या होत्या. मागं अख्खं गाव उभं होतं.

मॅनेजर तणतणत आला. "हवेवर तुमचा अधिकार नाही, सांगितलं होतं ना?"

"वाचला कायदा. हवा नाही आमच्या हातात, पण हा रस्ता पंचायतीचाच आहे. ग्रामसभेनं ठराव केलाय, डंपर बंद."

त्या उठल्या आणि खुर्ची त्याच्यापुढं सरकवली.

"बसा साहेब. आज धूळ झटकावी लागणार नाही."