अभिनंदनाचा फ्लेक्स

बी.कॉम. झाल्यावर शिवकन्यानं परळीच्या एका क्लासमध्ये डिजिटल मार्केटिंगच्या कोर्सला नाव घातलं, तेव्हा मोहनरावांनी नांदूरघाटच्या स्टँडसमोर लेकीचा हा एवढा मोठा फ्लेक्स लावला : ‘डिजिटल मार्केटिंगसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’

निवड कसली! फॉर्म भरील त्याला तिथं प्रवेश होता. पण वडिलांचा फुललेला चेहरा बघून तिला ते सांगवलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता कोर्स संपला, त्यालाही वर्ष झालं. नोकरीचा पत्ता नव्हता. कुणी विचारलंच तर मोहनराव सांगायचे, “घरूनच काम करती लेक.” फ्लेक्स तेवढा उन्हानं विटून तिथंच होता.

आज गल्लीतली वनमाला पेढे घेऊन आली. “ताई, मी बी तुमच्याच कोर्सला चालले.”

शिवकन्यानं विचारलं, “अगं, तुझा बी.एड.ला नंबर लागलाय ना?”

“सोडला की! रोज तुमचा फ्लेक्स बघायचे. वाटायचं, एवढ्या हुशार ताईची निवड झालेली, तितं आपला काय निभाव लागतोय! पर फॉर्म भरला अन् दुसऱ्याच दिवशी फोन आला, निवड झाली म्हणून.”

खरं ते सांगायला शिवकन्यानं तोंड उघडलं. वनमालानं हसत त्यात पेढा घातला.

“आमचे दादा बी फ्लेक्स लावायलेत, ताई. तुमच्या शेजारीच.”