शागिर्दाची जागा

"आमच्याकडे बाथरूम एकच आहे," सातव्या गॅरेजचा मालक म्हणाला आणि पुन्हा टायरकडे वळला.

सायो मिनेगिशी मान लववून बाहेर पडली. आधीच्या सहांपैकी दोघांना अठरा वर्षांचा मुलगा हवा होता, एकाला मेकॅनिक शाळेचा दाखला. उरलेले तिघे "कळवतो" म्हणाले होते, पण फोन नंबर कुणीच लिहून घेतला नव्हता.

सायो एकोणतीस वर्षांची होती. हायब्रिड गाड्यांचे कंट्रोल युनिट तपासणाऱ्या कारखान्यात तिने सहा वर्षं काढली होती. तो बंद पडला. आता तिला मेकॅनिक व्हायचं होतं. परीक्षेला बसायचं तर कुठल्यातरी गॅरेजात काम केलेलं असावं लागतं, आणि किर्यू शहरातलं एकही गॅरेज तिला दारात उभं करत नव्हतं. एक एप्रिलपासून तिने मावशीच्या उदोन नूडल्सच्या दुकानात उभं राहायचं, हे घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

आठवं गॅरेज नदीपलीकडे होतं. मालक चिगिरा गाडीखाली होता. बाहेर फक्त त्याचे बूट दिसत होते. सायो बुटांपुढेच कमरेत वाकली.

"मला शागीर्द म्हणून ठेवून घ्या."

"शागीर्द ठेवत नाही मी," बूट म्हणाले.

"महिनाभर बघा. नाही पटलं तर हाकला."

"आधी काय करायचीस?"

तिने कारखान्याचं सांगितलं. मग चाकांची फळी घरंगळत बाहेर आली आणि साठीच्या पुढचा एक काटकुळा माणूस उठून बसला.

"मार्चअखेरपर्यंत ये. पण एक ऐकून ठेव. इथं कुणी कुणाला शिकवत नाही. बघायचं आणि चोरायचं. मीही माझ्या उस्तादाकडून असंच चोरलं."

"चालेल, उस्ताद."

चोरायला मात्र काही मिळेना. इंजिन उघडण्याचं काम तिच्या वाट्याला येतच नव्हतं. डॅशबोर्डवर बिघाडाचा दिवा पेटलेली गाडी आली की चिगिरा हातातलं काम टाकायचा, किल्ली तिच्याकडे फेकायचा आणि तिच्या पाठीशी हाताची घडी घालून उभा राहायचा.

पहिल्याच आठवड्यात तिने एका हायब्रिडचा, बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढला आणि घड्याळाकडे बघत थांबली.

"का थांबलीस?" मागून आवाज आला.

"कपॅसिटरमध्ये करंट उरलेला असतो. दहा मिनिटं द्यावी लागतात. आत्ता हात घातला तर माणूस जागच्या जागी खलास."

"हं."

शाबासकी नाही, शिवी नाही. पुढच्या गाडीच्या वेळी तिने वायरी झटपट तपासल्या.

"पुन्हा," चिगिरा म्हणाला.

"काही चुकलं का?"

"पुन्हा. आणि हळू."

तिने हळू केलं. तो इतका जवळ आला, की त्याच्या श्वासाला येणारा लोणच्याचा वास तिला कळत होता. 'हं' म्हणून तो निघून गेला.

दुपारी त्याची बायको किनुए भाताचे गोळे घेऊन यायची.

"काकू, उस्तादांना माझं काम पसंत नाही का?" एकदा सायोने विचारलंच.

"अगं, चाळीस वर्षं माझ्या हातचं जेवतायत. अजून एकदाही चांगलं झालंय म्हणालेले नाहीत."

"मग तुम्हाला कळतं कसं?"

"ताट रिकामं होतं ना! हो, पण हल्ली झोप उडालीय त्यांची. अंथरुणात पडल्या पडल्या बोटं हलवत असतात. विचारलं की माझ्याच अंगावर येतात."

सायोला वाटलं, नकार कसा द्यायचा याचाच विचार चाललेला असणार.

महिना संपत आला. 'पुन्हा', 'हळू' आणि 'का' या तीन शब्दांपलीकडे उस्ताद गेला नव्हता. ब्रेक नाही, क्लच नाही, साधं ऑइल बदलणं नाही. घरी जाताना सायो सायकलवर मोठ्याने शिव्या घालायची. चौथ्या आठवड्यात तर एका गाडीचा, मोटरला वीज देणारा इन्व्हर्टर त्याने तिला तीनदा उतरवायला लावला. तिसऱ्यांदा तिने एकेक बोल्ट ट्रेमध्ये आपटत टाकला.

एकतीस मार्चला तिने शेवटच्या गाडीचा दिवा विझवला, हातमोजे काढले आणि थेट चिगिरासमोर जाऊन उभी राहिली.

"उद्यापासून येऊ का?"

चिगिराने गाडीचं बॉनेट खाली ओढून बंद केलं.

"तुला शागीर्द म्हणून ठेवता येणार नाही."

सायोचा बांध फुटला. "महिनाभर एकही इंजिन उघडू दिलं नाहीत! चुकलं कुठे तेही सांगितलं नाहीत. नुसतं पुन्हा, हळू, का! असं हाकलायचंच होतं तर पहिल्याच दिवशी हाकलायचं होतं. मावशीकडे निदान उदोनचं पीठ मळायला तरी शिकले असते!"

"चुकलं काहीच नाही."

"मग?"

"या गॅरेजात शागिर्दाची जागा एकच आहे. ती भरली."

"भरली? कधी? कोण आलं?"

"तू आलीस त्याच दिवशी भरली." चिगिराने टोपी काढली आणि ती दोन्ही हातांत धरून तो अवघडल्यासारखा उभा राहिला. "साठी उलटलीय त्याची, जरा मठ्ठ आहे, इन्व्हर्टर अजून एकट्याने उतरवता येत नाही. पण पाना चांगला चालवतो, आणि तुम्हाला त्याच्याकडून काय हवं ते खुशाल चोरा. सांभाळून घ्याल ना, उस्ताद?"