मनाचं दुखणं

एक्स-रेत दिसणारी डाय धमनीत सोडली तशी पडद्यावर चंद्राबाईंच्या हृदयाची धमनी काळीभोर उमटली. दीड वर्षापूर्वी बसवलेल्या स्टेंटच्या जाळीतून रक्त सरळ वाहत होतं. डॉक्टर जयराजांना हायसं वाटलं.

"बघा आजी, सगळं व्यवस्थित आहे."

टेबलावर पडलेल्या चंद्राबाईंनी तोंड फिरवलं. आष्ट्याहून सांगलीला ही त्यांची चौथी खेप. तक्रार एकच, चार पावलं चाललं की छाती आवळते. मागच्या तिन्ही वेळा जयराजांनी त्यांच्या मुलाला, धनाजीला, बाजूला घेऊन सांगितलं होतं, "स्टेंट मी स्वतः बसवलाय. हे मनाचं दुखणं आहे." पुढं पुढं घरात कुणी विचारीनासंच झालं.

"सर, आतून बघूया का?" नव्यानं रुजू झालेल्या डॉक्टर सिमरननं विचारलं. धमनीच्या आत शिरून चित्र काढणारी नळी दवाखान्यात गेल्याच महिन्यात आली होती. नको म्हणायला जयराजांना कारण सापडेना.

सुतळीहून बारीक नळी आत गेली. पडद्यावर धमनीचे गोल काप एकामागून एक सरकू लागले. एका चित्रावर जयराज थबकले. चुन्यासारख्या कडक थरात त्यांचा स्टेंट अर्धाच उघडून अडकला होता. एका अंगानं तर तो भिंतीला टेकलाही नव्हता. दीड वर्ष तसाच.

गुपचूप धमनीत फुगा फुगवून स्टेंट आत्ता उघडला असता, तर बाहेर कुणाला कळणारही नव्हतं.

जयराज चंद्राबाईंच्या कानाशी वाकले. "आजी, तुमचं खरं होतं. स्टेंट नीट उघडलाच नव्हता. तेव्हा मला ते दिसलं नाही. आणि नंतर मी तुमचं ऐकलं नाही."

चंद्राबाईंच्या डोळ्यांतलं पाणी कानांकडं ओघळलं.

"ह्ये आमच्या धनाजीला सांगा," त्या म्हणाल्या. "सुनंच्या म्होरं सांगा."

"सांगतो."

जयराजांनी कडक फुगा स्टेंटपर्यंत सरकवला. "आता फुगवतोय. छातीत दुखेल थोडं. दुखलं की लगेच बोला."

"बोलीन की," चंद्राबाई म्हणाल्या. "पर आता खरं धरशीला न्हवं?"